लाल वाटेवर अडकलेलं वाण

अधिक महिन्यातली शेवटची तिथी, अमावास्या, वार बुधवार. रक्कम बत्तीस सिंगापूर डॉलर. हजर माणसं चार : मी, माझ्या सासूबाई आणि विमानतळावरचे दोन अधिकारी. एवढं आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझा संताप बराच येईल, आणि संतापाच्या भरात माणूस तपशील वाकवतो. मला ते करायचं नाही.

सासूबाई मिरजेच्या, वय शहात्तर. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून तेहतीस अनारशांचं वाण, वर दिवा ठेवून देण्याची आपल्याकडची रीत. मागच्या अधिक महिन्यात कंपनीनं मला अक्राला ठेवलं होतं, पश्चिम आफ्रिकेत, आणि साथीमुळं विमानं बंद होती. वाण राहिलं. मधल्या काळात सासरे गेले. या वेळी सासूबाईंनी फोनवर सांगूनच टाकलं, "जावईबापू, मी येते. पुढच्या अधिकाला मी असेन की नसेन. हे ऋण डोक्यावर ठेवून जायचं नाही मला." पासपोर्टच्या कामात महिना सरत आला. वाण जोडीनं बसून घ्यायचं असतं आणि माझी बायको मंजिरी इथं सिंगापूरला, म्हणून मी चार दिवसांची रजा काढून गेलो आणि त्यांना घेऊन निघालो. अमावास्येला वाण दिल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, असा त्यांनी नेम धरला होता. विमानात त्या फक्त पाणी प्यायल्या.

आता माझ्याबद्दल थोडं. मी हिशेब तपासणीच्या कामातला माणूस. नियम असला की मला बरं वाटतं. अक्रामध्ये तीन वर्षं मी कुरकुरत काढली, कारण तिथं दुकानात भाव विचारायच्या आधी घरच्यांची खुशाली विचारावी लागे, आणि पाण्याचा टँकर कधी येणार याला "येईल" एवढंच उत्तर असे. पण तिथला शेजारी आम्ही राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात उभा होता. सिंगापूरला बदली झाली तेव्हा वाटलं, चला, हे आपलं गाव. इथल्या पासिर रिस भागात फ्लॅट भाड्यानं घेतला. चार महिन्यांत मला इथले कचऱ्याचे, कपडे वाळत घालण्याचे, सगळे नियम पाठ झाले, आणि शेजारच्या दारातल्या बाईंचं नाव मात्र कळलं नाही. लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी दार, दोन्ही बंद. त्यांच्या कुंड्या आमच्या बाजूला वीतभर सरकल्या होत्या. मी ते पाहून ठेवलं होतं. कुणाला आणि कसं कळवायचं, तेही शोधून ठेवलं होतं.

विमानतळावर सामान घेतल्यावर दोन वाटा असतात. ज्यांच्याकडं काही सांगण्यासारखं नाही त्यांची हिरवी, ज्यांच्याकडं आहे त्यांची लाल. वाणासाठी सासूबाईंनी चांदीचं तबक आणि निरांजन आणलं होतं. माझ्यासारख्या कामाच्या पासवर राहणाऱ्याला करात सवलत नाही, असं मी वाचलं होतं. चांदी सासूबाईंच्या बॅगेत असली तरी ती येत होती माझ्यासाठी. म्हणून मी लाल वाट धरली. आमच्याच विमानातलं एक कुटुंब लोणच्याच्या बरण्या वाजवत हिरव्या वाटेनं हसत निघून गेलं. सासूबाई म्हणाल्या, "ते तिकडून गेले की."

म्हटलं, "आई, आपण सरळ सांगून जाऊ."

"सांगा बाई. आपण काही चोर नाही."

चांदीचा कर झाला बत्तीस डॉलर. मी भरला, पावती घेतली. तिथंच संपायला हवं होतं. अधिकारी तरुण होता, अगदी अदबीनं त्यानं विचारलं, खाण्याचं काही आहे का? मी डबा काढला. तेहतीस अनारसे, केळीच्या पानावर रचलेले. त्यानं विचारलं, वर हे बारीक दाणे कसले? आणि मी, जो कधी अर्धवट उत्तर देत नाही, तो इंग्रजीत स्पष्ट म्हणालो, "पॉपी सीड्स."

खसखस. ती इथं अमली पदार्थांच्या यादीच्या कक्षेत येते, हे मला ठाऊक नव्हतं. च्युइंगगम आणू नका, तंबाखू आणू नका, सुपारीसुद्धा नको, असं मी सासूबाईंना फोनवर तीनदा बजावलं होतं. अनारशावर खसखस असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण आपल्याला अनारसा म्हणजे अनारसाच दिसतो. तो कशात लोळवलाय याचा विचार करून कुणी अनारसा खात नाही.

दुसरा अधिकारी आला. आम्हाला एका खोलीत बसवलं. डबा कुणी भरला, दाणे कुठून घेतले, किती, कशासाठी, सगळं विचारलं. सासूबाईंना मराठीतून विचारून मी इंग्रजीत सांगत होतो. "त्यांना सांगा," सासूबाई म्हणाल्या, "तांदूळ तीन दिवस भिजवलेत. रोज पाणी बदललंय. खसखस मारवाड्याच्या दुकानातली, पन्नास ग्रॅम." मी ते जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्यानं जसंच्या तसं लिहून घेतलं. त्यानं एकही उणा शब्द काढला नाही, सासूबाईंना पाणी दिलं, उशी आणून दिली. याचा मला जास्तच राग आला. कुणी आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

पावणेदोन तासांनी निकाल लागला. तुम्ही स्वतःहून दाखवलंत, म्हणून समज देऊन सोडतो, पण डबा इथंच राहील, नष्ट करावा लागेल. मी विचारलं, वरची खसखस झटकून दिली तर? नाही. अनारसे सोलून? त्यानं माझ्याकडं पाहिलं. नाही. सासूबाईंनी डब्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "डबा तरी देतात का विचारा. जुना आहे." डबाही मिळाला नाही.

टॅक्सीत मनातल्या मनात मी देवाशी जे बोललो ते इथं लिहितो, कारण हा अनुभव खरा सांगायचा तर तेही सांगायला हवं. मी म्हटलं, नारायणा, तू मला पुरता मूर्ख ठरवलंस. हिरव्या वाटेनं गेलो असतो तर तुझं वाण या वेळी घरी देवापुढं असतं. लोणचीवाले घरी पोचून लोणची वाटतायत. खरं बोललो म्हणून एका म्हातारीचं तीन वर्षं राहिलेलं वाण कचऱ्यात गेलं. तुझ्याकडं हे कोण तपासतं? एवढं बोलूनही समाधान झालं नाही. शेजारी सासूबाई काचेतून झाडं बघत शांतपणे विचारत होत्या, "इथं सगळ्या इमारती एकसारख्या, मग आपली कशी ओळखता हो?"

घरी मंजिरीनं दार उघडलं आणि आईचा चेहरा पाहूनच तिनं साखर तपासायचं यंत्र काढलं. सासूबाईंनी सकाळची मधुमेहाची गोळी सवयीनं पाण्याबरोबर घेतली होती, पोटात काही नसताना. आकडा आला चौसष्ट. मंजिरी रडवेली झाली. महत्प्रयासानं त्या साखरपाण्याचे चार घोट प्यायल्या. भाताला मात्र नकार. तिथी आमच्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला संपत होती, आणि तिच्याबरोबर अधिक महिनाही.

मी म्हटलं, "आई, मी आत्ता लिटल इंडियात जातो. बत्तासे आणतो, म्हैसूरपाक आणतो. त्यालाही अनारशासारखी जाळी असते, वाणाला चालतं."

"विकतचं वाण?" त्या म्हणाल्या. "मग मी मिरजेहून पैसे पाठवले असते की तुम्हाला. विमानानं कशाला आले?"

"अगं आई, मग नेम सोड," मंजिरी म्हणाली. "देव काय तुला चक्कर येऊन पड म्हणतोय?"

"देव काही म्हणत नाही, तूच ओरडतेयस."

"संध्याकाळपर्यंत जेवली नाहीस ना, तर मी सरळ हॉस्पिटलात नेईन. तिथं सलाइन लावतील. ते चालेल नेमाला?"

सासूबाई उठल्या आणि बाहेर सामाईक व्हरांड्यात चपलांच्या कपाटावर जाऊन बसल्या, मिरजेला ओट्यावर बसतात तशा. इथं व्हरांड्यात कुणी बसत नाही. मी ते सांगणार होतो, पण मंजिरीनं डोळ्यांनीच मला थांबवलं. मग मी संगणक उघडला आणि तक्रार लिहायला घेतली. कुणाकडं पाठवायची ते ठरलं नव्हतं, पण मुद्दे तयार होते. अनारसा हा धार्मिक पदार्थ आहे. एका अनारशावरची खसखस चिमूटभरही नसते. स्वतःहून सांगणाऱ्या प्रवाशाला आणि लपवणाऱ्याला एकाच मापानं, असं काही मी लिहीत होतो, आणि ते खरं नाही हेही मला ठाऊक होतं, कारण लपवणाऱ्याचं काय होतं ते त्या अधिकाऱ्यानं मला समजावून सांगितलं होतं. तरी लिहिलं.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, कुणीतरी अनारसे तळतंय."

"आई, इथं कोण अनारसे तळणार?" मी न उठता म्हणालो. मला वाटलं, साखर उतरल्यानं त्यांना भास होतोय. आणि खरं सांगायचं तर मी चिडलो. देवानं आता हेही करावं?

थोड्या वेळानं पाहिलं तर चपलांचं कपाट रिकामं. मी आणि मंजिरी धावत बाहेर आलो. शेजारचं जाळीचं दार सताड उघडं होतं, आतलंही उघडं, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा खणखणीत आवाज येत होता, "उलटू नका! अहो, उलटू नका त्याला!"

आत गेलो. शेजारच्या बाई, सत्तरीच्या मलय आजी, डोक्याला रुमाल, कढईपुढं झारा धरून उभ्या. त्यांच्या शेजारी आमच्या सासूबाई, पदर खोचून. कढईत तांदळाच्या पिठाचे आणि काळ्या ताडगुळाचे गोल तळले जात होते, प्रत्येकाच्या मध्ये भोक. वास तंतोतंत अनारशाचा. आजी उलथायला गेल्या की सासूबाई त्यांचं मनगट धरून थांबवत आणि झाऱ्यानं वरून तेल उडवून दाखवत.

"सॉरी, सॉरी आंटी," मी म्हणालो. "माझ्या सासूबाई आहेत. आजच आल्या."

"कॉल मी मकचिक," आजी म्हणाल्या. इथली मलय माणसं मावशीला तसं म्हणतात. "युअर मदर-इन-लॉ व्हेरी फिअर्स, आह. कम इन्साइड, नो हॅलो, स्ट्रेट अवे स्कोल्ड मी." आणि त्या इतक्या हसल्या की झारा ठेवावा लागला. "बट शी लुक सो पेल. ईट ऑलरेडी?"

मी सांगितलं, उपास आहे. त्यांनी लगेच मान हलवली, "पुआसा." त्यांच्या भाषेत उपास. मग मी थोडक्यात सगळं सांगितलं. लाल वाट, डबा, संध्याकाळची वेळ. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला नाही की त्या हळहळल्या नाहीत. "हाऊ मेनी यू नीड?" एवढंच विचारलं.

"थर्टी थ्री."

"अलामाक! थर्टी थ्री? वन सन-इन-लॉ?" त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं. "ओके. कॅन."

नातीच्या दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यासाठी त्या ते करत होत्या. पीठ आदल्या दिवशीच भिजवून मुरवलेलं होतं. ते आमचं नव्हतं. तरी त्यांनी दुसरा झारा काढून सासूबाईंच्या हातात दिला.

मंजिरीनं मला बाजूला ओढलं. "अहो, आईचं सोवळं तुम्हाला माहीत आहे. ती शेजारच्या जोशीकाकूंच्या घरचं पाणी पीत नाही चतुर्थीला. तळेल हौसेनं, पण वाणात ठेवायची वेळ आली की..." मलाही तीच धास्ती होती. मी मकचिकना विचारलं, यात अंडं? "नो एग लाह. फ्लार, गुला, ऑइल." गुला म्हणजे गूळ. तेल कसलं तेही मी विचारलं. त्यांनी न रागावता पामतेलाचा डबा दाखवला. मग मी सासूबाईंपुढं उभा राहिलो आणि जे होतं ते सांगितलं, कारण लपवून वाण देणं मला जमलं नसतं. म्हटलं, "आई, हे मुसलमानाचं घर आहे. तेल, पीठ, कढई, सगळं त्यांचं. तुमच्या नेमाला चालत नसेल तर आत्ताच सांगा."

त्यांनी कढईवरची नजर काढली नाही. एक गोल अलगद काढला, निथळला, आणि मग म्हणाल्या, "जावईबापू, सकाळी माझं सोवळ्यातलं वाण त्या अधिकाऱ्यांनी आत येऊ दिलं नाही. आता या बाईनं नातीचं काढून मला दिलंय. मी नको म्हणू? आणि मग नारायणाला काय सांगू, भलत्या दारातून आलास म्हणून परत पाठवलं?" मग तो गोल उजेडाला धरून त्यांनी त्याच्या भोकातून मकचिककडं पाहिलं. "अनारशाला जाळी लागते. यांच्याला तर मधोमध खिडकीच आहे. अहो, ते उलटू नका हो!"

मी झाऱ्याखाली ताटली धरली.

पाचच्या सुमाराला आमच्या दिवाणखान्यात पाट मांडले. चांदीच्या तबकात तेहतीस नग, मी मोजले, कारण मोजल्याशिवाय मला राहवत नाही. वर निरांजन. मकचिक दाराशी खुर्चीवर बसून बघत होत्या. सासूबाईंनी आम्हा दोघांना कुंकू लावलं, तबक हातात दिलं, आणि शहात्तर वर्षांची ती बाई जावयापुढं वाकली. मला अवघडल्यासारखं झालं. दर वेळी होतं. पण त्या माझ्यापुढं वाकत नव्हत्या हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं, आणि ज्याच्यापुढं वाकत होत्या त्याला मी टॅक्सीत काय काय बोललो होतो तेही आठवलं. मग मंजिरीनं वरणभात वाढला. सासूबाईंनी पहिला घास घेतला तेव्हा मंजिरी भिंतीकडं तोंड करून उभी होती. नंतर आकडा पाहिला, एकशे अठरा.

हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. साखरपुडा होता म्हणून पीठ होतं, वास आला म्हणून सासूबाई गेल्या. हिशेब जुळतो. खसखशीबद्दल मला आजही राग आहे आणि तो राहील. फक्त एक गोष्ट माझ्या तपासणीत बसत नाही. चार महिने मी त्या दारापुढून रोज जात होतो आणि ते उघडण्याचा नियम शोधत होतो. सासूबाईंकडं देण्यासारखं काही उरलं नव्हतं, घेण्याशिवाय इलाज नव्हता, आणि त्या सरळ आत गेल्या. मी अनारसे घरी आणले असते तर आम्ही दार लावून वाण घेतलं असतं. देवाकडं मी सकाळी जो जाब मागितला त्याचं उत्तर एवढंच असेल तर मला ते पुरेसं वाटतं. काहीतरी हातातून काढून घेतल्याशिवाय माझ्यासारख्या माणसाची मूठ उघडत नाही. ती त्यानं उघडली, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

मकचिकना पैसे द्यायला गेलो. पिठाचे, गुळाचे, तेलाचे, मी अंदाजही काढला होता. त्यांनी हात मागं घेतला आणि मंजिरीला म्हणाल्या, "टेल युअर हजबंड, डोन्ट बी लाइक दॅट." मग सासूबाई पुढं झाल्या. हिरवा खण, एक नारळ आणि ओंजळभर तांदूळ त्यांनी मकचिकच्या अंगरख्याच्या घोळात घातले, हळदकुंकवाचं बोट कपाळापर्यंत नेलं, थांबल्या, आणि डोळ्यांनी विचारलं. मकचिकनी हसून मान हलवली, कपाळाला नको. सासूबाईंनी ते बोट आपल्याच पदराला पुसलं. मग कमरेच्या पिशवीतून वाणावरची दक्षिणा काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. अकरा रुपये, भारतीय, एक दहाची नोट आणि एक नाणं. इथं त्यांचं काही येत नाही. ते मकचिकनी घेतले.